घरच्या घरी उतरत्या छटेत कपडा रंगवणे: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कपड्याच्या खालच्या काठाशी गडद असलेला रंग वर सरकताना हळूहळू फिकट होत जावा आणि गळ्यापाशी पोहोचेपर्यंत मूळ पांढऱ्यात विरून जावा, अशा रंगकामाला ऑम्ब्रे किंवा उतरत्या छटेची रंगाई म्हणतात. हे काम घरी, एका बादलीत आणि एकाच रंगाच्या पुडीत उत्तम होते. मात्र पहिल्यांदा करणाऱ्यांचे कपडे बहुतेक वेळा दोनच ठिकाणी बिघडतात: रंगात बुडवताना मध्येच एक सरळ, ठसठशीत रेघ उमटते, किंवा छटा सुरेख जमूनही धुताना वरचा पांढरा भाग डागाळतो. या दोन्ही गोष्टी टाळता येतात, पण त्या का घडतात हे समजल्याशिवाय नुसत्या सूचना पाळून त्या टळत नाहीत. म्हणून पुढे प्रत्येक कृतीबरोबर तिच्यामागचे कारणही दिले आहे.

छटा तीन गोष्टींवर ठरते: पाण्यात रंग किती आहे, कापडाचा कोणता भाग त्यात किती वेळ राहिला, आणि बुडवताना कापड किती ओले होते. सगळे काम एका बैठकीत उरकण्याचा प्रयत्न करू नका. संध्याकाळी रंगवून रात्रभर मुरू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सावकाश धुवायचे, असा वेळ काढूनच सुरुवात करा.

१. आधी कापड ओळखा

या लेखातली मुख्य पद्धत सुती, लिनन आणि व्हिस्कोस रेयॉन या कापडांसाठी आहे. हे तिन्ही धागे सेल्युलोजचे असल्यामुळे एकाच प्रकारचा रंग घेतात. व्हिस्कोसवर रंग सुतीपेक्षा लवकर आणि गडद चढतो, पण ओले असताना त्याचा धागा कमजोर होतो, त्यामुळे ते जोराने पिळू नये. रेशीम आणि लोकर यांची रंगाई वेगळी असते. तिच्याविषयी थोडक्यात शेवटी लिहिले आहे. पॉलिएस्टरच्या नादी नवख्यांनी लागू नये. त्याला डिस्पर्स प्रकारचे रंग आणि उकळत्या पाण्याइतके तापमान बराच वेळ द्यावे लागते, आणि तशा पाण्यात कपडा हाताने वरखाली करत छटा साधणे धोक्याचे असते.

कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवर धाग्याचे प्रमाण लिहिलेले असते. चिठ्ठी नसेल तर शिवणीच्या आतून दोन-तीन धागे काढून, चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते, रेशीम व लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, तर पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्र कापडात रंग फक्त सुतावर चढतो, म्हणून तिथे गडद टोकसुद्धा निस्तेज दिसते.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कपडा शंभर टक्के सुती असला तरी त्याची शिलाई बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने केलेली असते, आणि तो दोरा पांढराच राहतो. गडद भागात ही पांढरी शिवण उठून दिसते. मला ती खटकत नाही, पण ज्यांना खटकेल त्यांनी सुती दोऱ्याने शिवलेला कपडा घ्यावा, किंवा कापड आधी रंगवून मग शिवावे. ‘सुरकुत्या न पडणारे’ किंवा ‘डाग न धरणारे’ असे लिहिलेले कपडे मात्र घेऊच नयेत. त्यांच्यावरचा लेप रंगाला आत शिरू देत नाही आणि ठिपक्याठिपक्यांनी फिकट जागा राहतात.

२. रंगाची पुडी निवडताना

सुती कपड्यासाठी रिअ‍ॅक्टिव्ह रंग घ्या, असा माझा आग्रह आहे. १९५६ मध्ये आयसीआय या कंपनीने प्रोसियॉन या नावाने हे रंग बाजारात आणले. त्याआधीचे बरेचसे रंग धाग्याला नुसते चिकटून राहत. हा रंग मात्र अल्कधर्मी पाण्यात सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतो आणि धाग्याचाच भाग होतो. म्हणूनच तो धुण्याने सहसा जात नाही. उकळत्या पाण्यात मिसळायचे सर्वसाधारण घरगुती रंग बहुधा डायरेक्ट प्रकारचे असतात. ते सोपे असतात, पण दर धुण्याला थोडे थोडे उतरतात, आणि छटेच्या कपड्यात उतरलेला रंग थेट पांढऱ्या भागावर जाऊन बसतो.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगांतही मालिका असतात. कोमट पाण्यात काम करणारी ‘एमएक्स’ किंवा ‘कोल्ड’ मालिका घ्या. ‘एच’ मालिकेला सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमान लागते, त्यामुळे ती हाताने बुडवण्याच्या कामाला उपयोगाची नाही. पुडी जुनी नसावी, कारण हवेतल्या दमटपणाने हा रंग पुडीतच निष्क्रिय होत जातो. घरी आणल्यावर तो घट्ट झाकणाच्या, कोरड्या बरणीत ठेवावा.

पहिल्या वेळी एकच रंग निवडा, आणि तोही शक्यतो मिश्रण नसलेला. काळा, तपकिरी, हिरवा, जांभळा हे रंग पुष्कळदा दोन-तीन रंग एकत्र करून बनवलेले असतात. त्यांतले घटक कापडात वेगवेगळ्या वेगाने वर चढतात, आणि छटेच्या फिकट टोकाशी काळ्यातून अचानक लालसर किंवा निळसर किनार बाहेर पडते. पुडीतला रंग शुद्ध आहे की मिश्र, हे पाहायचे असेल तर ओल्या टिपकागदावर त्याची चिमूटभर पूड भुरभुरवा. मिश्रण असेल तर निरनिराळ्या रंगांचे कण आणि वलये वेगळी दिसतात. फिरोजी रंग सुंदर असतो, परंतु तो सावकाश धरतो, त्याला जास्त ऊब आणि जास्त वेळ लागतो, व धुतानाही तो बराच काळ निघत राहतो. म्हणून तो पुढच्या खेपेसाठी ठेवा.

३. काय काय जमवायचे

खालची मापे सुमारे २०० ग्रॅम वजनाच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या एका सुती शर्टासाठी आहेत. कपडा कोरडा असताना वजन करा आणि त्या प्रमाणात मापे कमीजास्त करा.

- रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची पूड: ६ ग्रॅम
- साधे मीठ: २५० ग्रॅम
- सोडा ॲश: १०० ग्रॅम, आणि कपडा आधी धुण्यासाठी आणखी थोडा
- साधी कपडे धुण्याची पावडर किंवा द्रव साबण, ज्यात ब्लीच नाही असा
- सात-आठ लिटरची, अरुंद आणि खोल बादली
- ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा
- मिलिलिटरच्या खुणा असलेला पेला, ढवळायला प्लॅस्टिकची काठी, थर्मामीटर
- रबरी हातमोजे, नाकातोंडावर बसणारा धूळरोधक मास्क, जुने कपडे
- हँगर, कपड्याचे चिमटे, दोरी, मोठी प्लॅस्टिकची पिशवी किंवा चादर

भांडी प्लॅस्टिकची, स्टेनलेस स्टीलची किंवा न टवके गेलेल्या एनॅमलची असावीत. ॲल्युमिनियम वापरू नका, कारण सोडा त्याला खातो. एकदा रंगकामाला वापरलेले भांडे, पेला किंवा चमचा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही. त्यांवर खूण करून ती वेगळीच ठेवा.

सोड्याच्या बाबतीत गोंधळ हमखास होतो. सोडा ॲश म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा हा बायकार्बोनेट असून त्याची अल्कता या कामाला कमी पडते. कॉस्टिक सोडा अतिशय दाहक असतो, त्याला हातही लावू नका. धुण्याचा सोडा मोठ्या, ओलसर स्फटिकांच्या रूपात मिळाला तर चालतो, पण त्याच्या वजनातला मोठा वाटा पाण्याचा असतो. म्हणून १०० ग्रॅम सोडा ॲशच्या जागी ते स्फटिक सुमारे २७० ग्रॅम घ्यावे लागतात.

४. खळ आणि तेलकटपणा काढा

नव्या कपड्यावर खळ, मेण किंवा कारखान्यातले मऊ करणारे द्रव्य असते, आणि वापरलेल्या कपड्यावर घामाचे, तेलाचे न दिसणारे डाग असतात. रंग अशा जागा सोडून जातो. बादलीभर चांगल्या गरम पाण्यात दोन मोठे चमचे सोडा ॲश आणि थोडी पावडर घालून कपडा अर्धा तास ठेवा, मग चोळून धुवा आणि स्वच्छ पाण्यात दोनदा विसळा. कपडे मऊ करणारे कंडिशनर घालू नका. कपडा आटायचा असेल तर तो याच वेळी आटतो.

धुऊन वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. तो तत्काळ शोषला गेला तर कापड तयार आहे. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर ही पायरी पुन्हा करा. इथे वेळ वाचवून काही उपयोग नाही, कारण रंगानंतर दिसणारा डाग कोणत्याही उपायाने एकसारखा होत नाही.

५. छटेची आखणी

कपडा हँगरवर लावून समोर टांगा आणि डोळ्यांनी त्याचे भाग पाडा. वरचा भाग पांढरा राहणार, त्याखाली फिकट, मग मध्यम आणि शेवटी गडद. चारही भाग सारख्या उंचीचे करण्याची गरज नाही. माझ्या नजरेला गडद पट्टा थोडा आखूड आणि मधला संक्रमणाचा भाग लांब असलेला कपडा अधिक चांगला दिसतो. प्रत्येक सीमेवर बाजूच्या शिवणीला कपड्याचा छोटा चिमटा लावा. पेन्सिलीने किंवा शाईने रेघ आखू नका, ती राहून जाऊ शकते.

बाह्यांचा विचार आत्ताच करा. हँगरवर टांगलेल्या शर्टाच्या बाह्या खाली लोंबतात आणि बुडवताना नकळत रंगात जातात. बाह्या पांढऱ्या ठेवायच्या असतील तर त्या वर दुमडून खांद्याशी चिमट्याने अडकवा. त्यांनाही छटा हवी असेल तर बाहीचा काठ आणि अंगाचा काठ एकाच उंचीवर येईल अशा रीतीने त्या खाली सोडा.

त्याच कापडाचा एखादा तुकडा मिळाला, किंवा तशाच जुन्या सुती कापडाची हातभर लांब पट्टी असली, तर तिच्यावर आधी चाचणी घ्या. ओला रंग नेहमी जास्त गडद दिसतो आणि धुऊन वाळल्यावर बराच उतरलेला भासतो. हा फरक पट्टीवर एकदा पाहून ठेवला म्हणजे प्रत्यक्ष कपड्याच्या वेळी अंदाज चुकत नाही.

६. रंगाचे द्रावण आणि बादली

पूड हाताळण्यापूर्वी मास्क आणि हातमोजे घाला, पंखा बंद करा आणि खाली ओला कागद पसरा. या रंगांची धूळ श्वासावाटे वारंवार आत गेल्यास श्वसनाची ॲलर्जी जडू शकते, आणि ती एकदा जडली की पुढे रंगाच्या जवळ जाणेही त्रासाचे होते. पूड पाण्यात पूर्ण विरघळली की हा धोका संपतो. लहान मुले त्या वेळी खोलीत नसावीत.

६ ग्रॅम पुडीत आधी अगदी थोडे कोमट पाणी घालून गुठळ्या न राहतील असे वाटून घ्या, मग पाणी वाढवत एकूण ३०० मिलिलिटर द्रावण करा. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, कारण जास्त उष्णतेने रंग पाण्याशीच क्रिया करून वाया जातो. द्रावण जुन्या, दाट विणीच्या कापडातून गाळून घ्या. न विरघळलेला एक कणही पांढऱ्या भागावर पडला तर तिथे गडद ठिपका होतो.

बादलीत ३५ ते ४० अंश तापमानाचे ५ लिटर पाणी घ्या आणि त्यात मीठ पूर्ण विरघळवा. सोडा ॲश वेगळ्या भांड्यात थोड्या गरम पाण्यात विरघळवून, निवल्यावर बादलीत ओता. मीठ रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलते, तर सोडा रंग आणि धागा यांचा बंध जुळवून आणतो. सुती रंग पक्का करायला मीठ किंवा व्हिनेगर पुरेसे असते ही समजूत चुकीची आहे. व्हिनेगर आम्ल असल्यामुळे इथे ते सोड्याचाच प्रभाव मारते.

पुष्कळ ठिकाणी संपूर्ण कपडा आधी सोड्याच्या पाण्यात भिजवायला सांगतात. रंग ओतायचा किंवा फवारायचा असेल तेव्हा ती रीत योग्य आहे. बुडवून छटा काढताना मात्र मी सोडा बादलीतच ठेवते, कारण तसे केले की वरच्या पांढऱ्या भागात सोडा नसतो, आणि तिथे उडालेले शिंतोडे पक्के न होता धुताना निघून जातात.

७. तीन टप्प्यांत बुडवणे

सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे, म्हणून फोन बाजूला ठेवा आणि पुढचा तासभर बादलीपाशीच राहा.

प्रथम संपूर्ण कपडा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, इतका की पाणी ठिबकणार नाही पण हाताला ओलावा सर्वत्र सारखा लागेल. कोरड्या कापडावर रंग थांबतो तिथेच कड धरतो. ओल्या कापडात तो आधीच्या पाण्यात मिसळत पसरतो आणि कड मऊ राहते. मात्र फार ओले कापड असेल तर वरचे पाणी खाली उतरत राहते आणि ओघळ दिसतात.

दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा रंग कापडात आपण बुडवलेल्या रेषेच्याही वर चढत असतो. कपडा एकाच पातळीवर स्थिर धरला तर हे चढणारे पाणी एका ठराविक उंचीवर थांबते, रंग तिथे साचतो आणि रेघ तयार होते. त्यामुळे बुडवलेला कपडा कधीही स्थिर ठेवायचा नाही. सीमेच्या खुणेच्या वरखाली पाच ते आठ सेंटीमीटर अंतर सतत, सावकाश, पण अनियमितपणे हलवत राहायचे. दर वेळी अगदी त्याच उंचीवर थांबलात तर तिथेही पुसट रेघा दिसू लागतात.

पहिला टप्पा फिकट रंगाचा. बादलीत ३० मिलिलिटर द्रावण घालून चांगले ढवळा. पांढरा भाग सोडून बाकी सगळा कपडा, म्हणजे वरच्या चिमट्यापर्यंत, त्यात उतरवा आणि पाच-सहा मिनिटे वर सांगितल्याप्रमाणे हलवत राहा. खालच्या घड्या हाताने उलगडत राहा, नाहीतर आतल्या बाजूला रंग पोहोचत नाही. मग कपडा वर उचलून निथळू द्या.

दुसऱ्या टप्प्यासाठी कपडा पूर्ण बाहेर धरून, किंवा दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन, बादलीत ९० मिलिलिटर द्रावण घाला. कपडा आत असताना द्रावण कधीही ओतू नका. जिथे धार पडेल तिथे डाग पडतो. ढवळून झाल्यावर मधल्या चिमट्यापर्यंतचा भाग उतरवा आणि सुमारे दहा मिनिटे हलवा. या वेळी अधूनमधून एखाद्या क्षणापुरते थोडे अधिक खोल बुडवून लगेच वर घ्या, म्हणजे फिकट आणि मध्यम यांमधली सीमा पुसली जाते.

तिसऱ्या टप्प्यात उरलेले १८० मिलिलिटर द्रावण घाला आणि फक्त सर्वांत खालचा भाग अर्धा तास ते चाळीस मिनिटे ठेवा. पहिली दहा मिनिटे सतत हलवणे आवश्यक आहे. त्यानंतर हँगर बादलीच्या वरच्या दोरीला अडकवून दर दोन-तीन मिनिटांनी वरखाली केले तरी चालते, कारण तोवर पाण्यातला बराच रंग धाग्यावर गेलेला असतो.

फिकटाकडून गडदाकडे जाण्याचा हा क्रम उलट करू नका. आधी गडद पाण्यात खालचा भाग बुडवून मग पाणी घालून ते पातळ करत वर जाण्याची पद्धतही आहे, पण तीत चूक झाली तर दुरुस्तीला जागा राहत नाही. फिकट भाग नंतर गडद करता येतो, गडद झालेला भाग फिकट करता येत नाही. शिवाय सोडा असलेल्या पाण्यात रंग तासा-दोन तासांत निकामी होऊ लागतो. टप्प्याटप्प्याने ओतल्यामुळे प्रत्येक वेळी ताजा रंग मिळतो.

सीमेवर रेघ दिसलीच तर ती ओली असतानाच उपाय करा. फवाऱ्याच्या बाटलीत साधे पाणी घेऊन रेघेच्या वरच्या अंगाला हलकेच फवारा मारा आणि हातमोजा घातलेल्या बोटांनी रंग वरच्या दिशेने ओढा. कापड वाळायला लागले की हा उपाय चालत नाही.

८. मुरू द्या

कपडा बाहेर काढून गडद टोक खाली ठेवून निथळू द्या. पिळायचे झाल्यास फक्त खालचा भाग हलक्या हाताने, आणि पिळलेले पाणी वर जाणार नाही असा धरून पिळा. त्यानंतर प्लॅस्टिकच्या चादरीवर कपडा सपाट पसरा, पुढच्या आणि मागच्या थरांमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा सरकवा आणि वरून झाका. घडी घालून पिशवीत कोंबला तर गडद भागाचा ठसा फिकट भागावर उमटतो.

रंग धाग्याशी जुळायला ओलावा आणि ऊब दोन्ही हवेत. खोलीचे तापमान २१ अंशांच्या वर असेल तर बारा तास पुरतात. थंडी असेल तर चोवीस तास ठेवा किंवा उबदार जागा पाहा. कपडा मध्येच वाळला की क्रिया तिथेच थांबते.

९. धुणे

कितीही काळजीपूर्वक रंगवले तरी काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच क्रिया करतो आणि कापडात सुटा राहतो. तो निघणारच. धुताना रंगीत पाणी वाहिले म्हणजे रंग कच्चा राहिला असे समजून घाबरू नका. हा सुटा रंग पांढऱ्या भागाला न लागता बाहेर काढणे एवढेच या पायरीचे काम आहे.

सुरुवात थंड पाण्याने करा. गडद टोक खाली राहील असा कपडा उभा धरून नळाची धार पांढऱ्या भागावर सोडा, म्हणजे पाणी नेहमी पांढऱ्याकडून गडदाकडे वाहील. कपडा आडवा धरू नका, गोळा करू नका, आणि रंगीत पाण्याच्या बादलीत पडू देऊ नका. हाताला सोड्याचा बुळबुळीतपणा लागेनासा होईपर्यंत हे चालू ठेवा. मीठ आणि सोडा आधी निघून गेले पाहिजेत, कारण मीठ शिल्लक असताना सुटा रंग धाग्याला धरून बसतो. बरेच जण घाईने थेट गरम पाण्याला जातात आणि मग तासन्‌तास विसळत राहतात.

यानंतर ६० अंश किंवा त्याहून गरम, भरपूर पाण्यात साबण घालून आधी फक्त रंगीत भाग धुवा. गरम पाण्यात सुटा रंग भराभर निघतो. पाणी दोन-तीनदा बदलल्यावर संपूर्ण कपडा ताज्या गरम साबणाच्या पाण्यात घाला, सतत हलवा आणि लगेच विसळा. रंगीत पाण्यात तो भिजत ठेवायचा नाही. पांढऱ्या भागावर हलकीशी झाक आलीच, तर ती सुट्या रंगाची असते. स्वच्छ गरम पाणी आणि साबण यांनी ती सहसा निघते, मात्र कपडा वाळू न देता तत्काळ धुवा.

पुरेसे धुतले का, हे पाहण्यासाठी ओल्या गडद भागावर पांढरे सुती कापड ठेवून गरम इस्त्री दाबा. पांढऱ्या कापडावर रंग उमटला तर आणखी एकदा गरम पाणी हवे.

वाळवतानाही गडद टोक खालीच, आणि सावलीत. पहिली दोन-तीन धुणी स्वतंत्र करा. नंतरही क्लोरिनचे ब्लीच टाळा, कारण बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह रंग त्याने उडतात.

१०. दोन रंगांची छटा

एका रंगावर हात बसला की दोन रंग घ्या. कपडा दोन्ही टोकांकडून वेगवेगळ्या बादल्यांत बुडवायचा आणि मध्ये दोन्ही रंगांचे फिकट भाग एकमेकांवर चढवायचे. इथे निवड महत्त्वाची असते. पिवळा आणि लाल यांच्या मध्ये नारिंगी येतो, निळा आणि गुलाबी यांच्या मध्ये जांभळा, पिवळा आणि निळा यांच्या मध्ये हिरवा. पिवळा-जांभळा, लाल-हिरवा, निळा-नारिंगी अशा विरोधी जोड्यांच्या मध्ये मात्र मळकट तपकिरी पट्टा तयार होतो. तशी जोडी हवीच असेल तर मध्ये पांढरा पट्टा सोडा. आधी फिकट रंगाचे टोक करा, आणि दुसऱ्या टोकाच्या वेळी पहिले टोक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

११. रेशीम, लोकर आणि गडद कपडे

रेशीम व लोकर यांना ॲसिड प्रकारचे रंग लागतात. त्यांत सोड्याऐवजी व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड घालतात आणि पाणी ८० ते ९० अंशांपर्यंत तापवतात. टप्प्यांचा क्रम आणि हलवण्याची रीत तीच, परंतु भांडे शेगडीवर असल्यामुळे कपडा हाताने न धरता काठीला बांधून वरखाली करावा. लोकर एकदम गरमातून थंडात गेली आणि चोळली गेली की आटून घट्ट होते, म्हणून ती त्याच पाण्यात निवू द्यावी.

आधीच गडद असलेल्या सुती कपड्याचा रंग उतरवून उलटी छटा काढायची असेल तर क्लोरिन ब्लीच पातळ करून वापरतात. रेशीम, लोकर आणि स्पॅन्डेक्स असलेले कापड त्याने खराब होते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरिन वायू सुटतो. अमोनिया असलेले द्रवही जवळ आणू नका. ब्लीचची क्रिया थांबवण्यासाठी कपडा आधी साध्या पाण्यात विसळून मग सोडियम थायोसल्फेटच्या किंवा पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात बुडवावा लागतो. नुसते विसळून सोडले तर उरलेले ब्लीच धागा कुजवत राहते.

१२. बिघडले तर

गडद टोक वाळल्यावर अपेक्षेपेक्षा फिकट वाटले, तर कपडा पूर्ण धुऊन झाल्यावर पुन्हा ओला करा आणि नवे मीठ-सोड्याचे पाणी घेऊन फक्त तिसरा टप्पा करा. आदल्या दिवशीचे उरलेले रंगाचे पाणी यासाठी चालत नाही. ते रंगीत दिसत असले तरी त्यातला रंग धाग्याशी जुळण्याची शक्ती गमावून बसलेला असतो. मध्ये रेघ राहून गेली असेल तर रेघेच्या थोडे वरपर्यंत सगळा खालचा भाग एक छटा गडद करा, ती त्यात बुडून जाते. पांढऱ्या भागावर पक्का डाग बसला असेल तर पांढऱ्याचा हट्ट सोडून संपूर्ण कपडा ३० मिलिलिटर द्रावणाच्या फिकट पाण्यातून काढा. छटा तशीच राहते, फक्त तिची सुरुवात पांढऱ्याऐवजी फिकट रंगापासून होते, आणि डाग बराचसा लपतो.